हद्दीवरचे ठाणे

पोलीस खात्यात 'गोरेगाव' म्हटले की बहुतेकांना मुंबईचे उपनगर आठवते, कारण राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ८ तिथे आहे. या लेखातले गोरेगाव मात्र हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले, सोयाबीन आणि हळदीच्या पट्ट्यातले. हिंगोलीहून रिसोडच्या दिशेने निघाले की वाशीम जिल्ह्याची हद्द लागण्याआधी हे गाव लागते. गावात पोलीस ठाणे आहे. आज ही हद्द दोन जिल्ह्यांमधली, फार तर मराठवाडा आणि विदर्भ यांच्यामधली. १९४८ पर्यंत ती दोन सरकारांमधली हद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाडातला इंग्रजी अंमल.

आपल्याकडे पोलिसांचा इतिहास बहुधा आयुक्तांच्या कारकिर्दी आणि गाजलेले तपास यांच्या अंगाने लिहिला जातो. खेड्यातल्या माणसाला सरकार भेटते ते या रूपात नाही. त्याला भेटतो तो बीटचा जमादार. या एका पट्ट्यात दीडशे वर्षांत राज्य, कायदा, दप्तराची भाषा आणि गणवेश बदलले. त्यांच्याबरोबर हा जमादार किती बदलला, आणि तो नेमका कोणाचा माणूस होता, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

पैनगंगेच्या दोन काठांवर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या भागात बंदोबस्त म्हणजे फौज, एवढाच अर्थ होता. जानेवारी १८१९ मध्ये हटकर सरदार नोवसाजी नाईक यांच्या नोव्हा येथील गढीला निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेने वेढा घातला आणि महिनाअखेर ती घेतली. पुढे हीच फौज हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली आणि हिंगोली तिची छावणी झाली. रिसाला, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही हिंगोलीतल्या वस्त्यांची नावे त्या छावणीचीच खूण आहेत. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि छावणी उठली.

छावणी जवळ असली तरी खेड्यांना संरक्षण होतेच असे नाही. महसुलाचे मक्ते सावकारांकडे आणि जमीनदारांकडे असत. वसुलीसाठी ते अरब आणि रोहिले पदरी बाळगत. पगार थकला की हेच शिपाई गावे लुटत. फौजदारी कामासाठी स्वतंत्र नोकरवर्ग नव्हता. त्या काळातला एक अधिकारी मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. फिलिप मेडोज टेलर कोवळ्या वयात निजामाच्या नोकरीत आला. त्याने काही काळ पोलीस अधीक्षकाचा सहायक म्हणून काम केले आणि १८३९ मध्ये ठगाच्या जबानीच्या रूपातली त्याची इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. पोलिसाच्या नोकरीतून साहित्य निघते, हे दख्खनने असे फार लवकर पाहिले.

१८५३ मध्ये दोन घटना घडल्या. कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवले, आणि त्याच वर्षी सालारजंग हैदराबादचे दिवाण झाले. पहिल्या घटनेने पैनगंगेच्या काठी नवी सरहद्द निर्माण केली. दुसरीमुळे अलीकडच्या काठावर पोलीस खाते उभे राहिले. वऱ्हाडात इंग्रजी पद्धतीचे पोलीस आले. त्यांची घडण १८६१ च्या पोलीस कायद्याने ठरवलेली होती. १८५७ च्या उठावाच्या धास्तीतून जन्मलेला हा कायदा लोकांच्या सेवेपेक्षा सरकारच्या सुरक्षिततेचा विचार आधी करी. अलीकडे निजामी व्यवस्था होती. अलीकडे गुन्हा करून पलीकडे गेलेला माणूस दोन सरकारांच्या पत्रव्यवहारात अडकून राही. हिंगोली-वाशीम रस्त्यावरच्या कनेरगाव नाका या गावाच्या नावात तो 'नाका' अजून शिल्लक आहे.

अमीन, मोहतमीम आणि शेतसनदी

सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. परभणी जिल्हा त्या घडणीतला आणि हिंगोली त्यातला तालुका. जिल्ह्याचा प्रमुख अव्वल तालुकदार पोलिसांचाही वरिष्ठ असे. त्याच्या हाताखाली पोलिसांचे काम पाहणारा तो मोहतमीम, ठाण्याचा अधिकारी तो अमीन, त्याखाली जमादार आणि जवान. गावात पोलीस पाटील आणि रखवालीला शेतसनदी. महसुलासाठी माली पाटील वेगळा असे.

या उतरंडीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाषेची होती. राज्याच्या दप्तराची भाषा आधी फारसी होती आणि १८८० च्या दशकात ती उर्दू झाली. गोरेगावच्या बाजूचा शेतकरी आपली तक्रार मराठीत सांगे आणि ती कागदावर उर्दूत उतरे. आपल्या नावावर काय लिहिले गेले हे त्याला वाचता येत नसे. अंगठा मात्र त्याचाच असे. तक्रार आणि नोंद यांच्यामधली ही दरी आजच्या खेडुतालाही अगदी अनोळखी नाही. मराठी दप्तरातही फिर्याद, पंचनामा, मुद्देमाल, मुचलका, गस्त, फरार, हद्दपार हे शब्द कायम राहिले. ते केवळ निजामाचे नव्हेत. मुंबई इलाख्यातही ते होते, कारण मराठी राज्यकारभाराची भाषा मुळातच फारसीने रंगलेली होती. पदांची नावे मात्र प्रदेशागणिक वेगळी राहिली. पश्चिम महाराष्ट्रात फौजदार, विदर्भात ठाणेदार, मराठवाड्यात जमादार. गोरेगावसारख्या हद्दीवरच्या गावाच्या कानावर यातले दोन तरी शब्द रोज पडतात.

हजेरीचे रजिस्टर

या पट्ट्यात बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. एकेकाळी हजारो बैलांच्या पाठीवरून धान्य आणि मीठ वाहून नेणारा हा समाज फौजांना रसद पुरवत असे. रेल्वे आली, पक्क्या सडका झाल्या आणि त्यांचा व्यापार बसला. फिरता माणूस सरकारला नेहमीच संशयास्पद वाटतो. आता त्याचा धंदाही गेला होता. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो विस्तारला. हैदराबाद संस्थानानेही त्याच धर्तीचे नियम केले आणि लमाण त्यांच्या नजरेखाली आले.

कायदा राजधानीत झाला तरी तो राबवायचा जमादाराने. तांड्यावर जाऊन माणसे मोजायची, कोण रात्री जागेवर नव्हता ते पाटलाला विचारायचे, परवान्याशिवाय कोणी हलला तर धरून आणायचे. चोरी कुठेही झाली तरी पहिला फेरा तांड्यावर. जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याचे हे काम ज्याने केले तो बहुधा शेजारच्याच एखाद्या गावातला, कमी पगाराचा आणि स्वतःही निरक्षर किंवा जेमतेम साक्षर असा शिपाई असे. त्याने ते दुष्टपणाने केले असेच नाही. ते त्याचे रोजचे काम होते आणि म्हणूनच ते इतकी वर्षे बिनबोभाट चालले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. कायदा गेला तरी सवय लगेच गेली नाही. १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने जमातीऐवजी व्यक्तीची नोंद ठेवायला सांगितले. मात्र संशयाची बोटे बराच काळ जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली.

'पोलीस अ‍ॅक्शन'

१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थान घेतले. रणगाडे आणि विमाने वापरलेल्या या मोहिमेला नाव मिळाले 'पोलीस अ‍ॅक्शन', कारण आपल्याच देशाच्या अंतर्गत प्रश्नात हस्तक्षेप करतो आहोत, परराष्ट्राशी युद्ध करत नाही, ही भारत सरकारची भूमिका होती. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीच्या बोलण्यात हे दोन शब्द काळ मोजण्याचे माप झाले. अमक्याचा जन्म पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा, तमकी विहीर नंतरची.

त्याआधीचे वर्ष या सरहद्दीवर फार धगधगते होते. वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी स्वातंत्र्यसैनिकांची केंद्रे होती आणि निजामाचे करोडगिरी नाके आणि ठाणी हे त्यांचे लक्ष्य होते. वसमत भागातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे रझाकारांशी लढताना हुतात्मा झाले. वसमतच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. या काळात ठाण्यातला जवान विचित्र कोंडीत सापडला. रझाकार ही खासगी सेना होती, तरी तिच्यापुढे अनेक ठिकाणी पोलीस निमूट राहिले किंवा तिच्या बरोबरीने वागले. लोकांच्या दृष्टीने दोघांमधला फरक पुसला गेला. पोलीस गणवेशावरचा विश्वास एकदा असा गेला की तो परत यायला एक पिढी लागते.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सैन्य आल्यानंतर अनेक भागांत मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला. सुंदरलाल समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे नोंदवले त्यात शेजारचा नांदेड होता. जुने पोलीस दल मोडकळीस आले होते आणि नवे उभे राहायचे होते. ज्या आठवड्यांत सामान्य माणसाला पोलिसाची सर्वाधिक गरज होती, त्या आठवड्यांत तो जागेवर नव्हता. 'पोलीस अ‍ॅक्शन' या नावातला हा विरोधाभास फार कमी वेळा बोलला जातो.

टोपी बदलली, कायदा बदलला

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या लष्करी राजवटीत शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आणले गेले आणि पोलीस दलाची फेररचना झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, पुढे इथेही लागू झाला. दप्तर मराठीत आले. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पहिल्यांदाच एक कायदा आणि एक पोलीस दल झाले.

गावपातळीवरचा बदल जास्त खोल होता. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाची वतनी जागा रद्द झाली. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हा नेमणुकीचा, मुदतीचा, मानधनावरचा सेवक झाला. मुंबई इलाख्यातला आधीचा ग्राम पोलीस कायदा १८६७ चा, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वीचा. वाड्यातला पाटील जाऊन परीक्षा देऊन आलेला पाटील आला, राखीव जागांमुळे दलित, आदिवासी आणि स्त्रियाही या पदावर आल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यांचे मानधन महिना ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये केले. गावात अनोळखी प्रेत सापडले, बांधावरून कुऱ्हाडी निघाल्या, की पहिला फोन अजूनही पोलीस पाटलाकडूनच जातो.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. गोरेगावच्या ठाण्याचा अधीक्षक आता परभणीला नव्हे, हिंगोलीला बसू लागला.

ठाण्यातला दिवस

चित्रपटातल्या ठाण्यात पाठलाग असतो. खऱ्या ठाण्यात लिखाण असते. ठाणे अंमलदार हा टेबलावर बसलेला हवालदार चोवीस तासांच्या ठाणे दैनंदिनीचा मालक. कोण कुठल्या कामाला गेला, किती वाजता परतला, कोण काय सांगायला आला, सर्व त्या नोंदवहीत आणि आता संगणकावरही. मुद्देमाल कारकुनाकडे जप्त मोटारसायकली, दारूचे डबे, रक्ताचे कपडे, कधी बैलसुद्धा. बारनिशीवाल्याकडे आवक-जावक. एक जण समन्स-वॉरंट बजावणीला, एक न्यायालयात पैरवीला, एक गोपनीय माहिती गोळा करायला. उरलेले बीटवर. एकेका बीटमध्ये अनेक गावे, आणि ११२ क्रमांकावर फोन आला की गाडी काढायची.

तक्रारी कोणत्या? बांध कोरला. विहिरीवरची मोटार नेली. सोयाबीनची गंजी पेटवली. नवरा दारू पिऊन मारतो. मुलगी घरातून गेली. यातल्या कितीतरी अदखलपात्र. कायद्याने पोलिसाने फक्त नोंद घेऊन समज द्यायची आणि न्यायालयाची वाट दाखवायची. गावाला मात्र जमादाराने मध्ये बसून मिटवावे असे वाटते. तो मिटवतो तेव्हा कधी खरेच दोन घरे वाचतात, कधी दुबळ्याला गप्प बसवले जाते, कधी हात ओले होतात. खेड्यातल्या पोलिसाचे कौतुक आणि बदनामी दोन्ही या एकाच जागेतून येतात. म्हणूनच काही तक्रारी मिटवण्याच्या कक्षेबाहेर ठेवाव्या लागल्या. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करावा असा नियम झाला, कारण गावातली सत्ता ठाण्याच्या ओट्यापर्यंत पोचते हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते.

यावर बंदोबस्ताचे वर्ष. महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, आषाढीनंतर परतवारीला नर्सी नामदेव, गणपती, दुर्गा, मग हिंगोलीचा दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा असलेला दसरा, आणि मधे कधीही निवडणूक. घरातली दिवाळी दुसऱ्यांच्या दिवाळीच्या बंदोबस्तानंतर. त्याच सुमारास, २१ ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिन येतो. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस गेले, त्याची ही आठवण.

अकस्मात मृत्यूची नोंद

मराठवाड्यातल्या ठाण्यांतली सर्वांत जड नोंदवही कोणती, तर अकस्मात मृत्यूची. सर्पदंश, वीज, विहीर, अपघात, आणि शेतकऱ्याची आत्महत्या. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १७४, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४. हवालदार शेतात जातो, पंच बोलावतो, प्रेताची स्थिती लिहितो, विषाची बाटली जप्त करतो, शवविच्छेदनाला पाठवतो, बायकोचा आणि भावाचा जबाब घेतो.

या कागदाचे वजन गुन्ह्यापुरते नाही. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला मिळणारी १ लाख रुपयांची सरकारी मदत, ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, पात्र-अपात्र ठरवताना समितीपुढे हाच पंचनामा आणि हेच जबाब असतात. मृत्यूचे कारण म्हणून जबाबात 'कर्जबाजारीपणा' आला की 'घरगुती कारण' आले, 'दारूचे व्यसन' आले की 'नापिकी', या एका शब्दावर विधवेचे पुढचे वर्ष अवलंबून असते. तो शब्द, रडणाऱ्या घरात, मोडक्या खाटेवर बसून, एक हवालदार निवडतो. त्याला यासाठी शेतीचे अर्थशास्त्र किंवा शोकात असलेल्या माणसाशी बोलायचे शास्त्र कोणी शिकवलेले नसते. बहुतेक जण स्वतः शेतकऱ्याचीच मुले असतात, तेवढाच आधार.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गोरेगावच्या काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विक्रीला काढल्याचे पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिले आणि ते आंदोलनाला मुंबईला गेले. अशा वेळी खाकीतला माणूस आंदोलकांसमोर उभा राहतो आणि कदाचित त्याच रात्री गावाकडच्या भावाला फोन करून सोयाबीनचा भाव विचारतो. हद्द आता पैनगंगेवर नाही, ती त्याच्या आतून जाते.

शिपाई म्हणून लागला, निवृत्त कशावर झाला?

पहाटे हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात. भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, असे ५० गुण मैदानी आणि १०० लेखी. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव. ज्या तांड्यांवर कधी हजेरी घेतली जाई त्या तांड्यांची मुलेही आता खाकीत येतात. हा बदल लहान नाही.

भरतीनंतरची वाट मात्र लांब होती. शिपाई, नाईक, हवालदार, सहायक उपनिरीक्षक. पायऱ्या चढता चढता बहुतेक जण हवालदारीवरच निवृत्त होत. २०२२ मध्ये राज्याने पोलीस नाईक हे पद रद्द केले, ते शिपायाला निवृत्तीआधी उपनिरीक्षक होता यावे म्हणून. ही मागणी जुनी होती. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शिपायांचा असंतोष रस्त्यावर आला, लष्कर बोलवावे लागले आणि त्यांच्या संघटनेची मान्यता गेली. कामाचे तास, घरे, वरिष्ठांच्या घरची कामे, हे त्यामागचे प्रश्न. २०१४ च्या एका राष्ट्रीय अभ्यासात सुमारे ९० टक्के पोलीस कर्मचारी दिवसाला आठ तासांहून अधिक काम करतात असे आढळले. २०१६ मध्ये आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू केला. तो एका शिपायाने सुचवला होता, हे विशेष.

नोकरीच्या वाटाही अनेक. सैन्यातून पोलिसांत आलेले तुकाराम ओंबळे सहायक उपनिरीक्षक होते, आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर त्यांनी हल्लेखोराची बंदूक छातीशी धरली. हिंगोलीच्या राखीव दलाचे जवान वर्षातले कितीतरी महिने घराबाहेर काढतात. २०२० च्या उन्हाळ्यात मुंबई आणि मालेगावच्या बंदोबस्ताहून परतलेले अनेक जवान करोनाबाधित निघाले आणि जिल्ह्याच्या रुग्णसंख्येत त्यांचाच भरणा मोठा होता. त्याच गावाने त्यांच्याकडे तेव्हा संशयाने पाहिले.

मोहतमीम गेला, अधीक्षक आला. अमीन गेला, निरीक्षक आला. उर्दू गेली, मराठी आली. बीटवर जाणारा माणूस मात्र पहिल्यापासून एकाच पेचात राहिला आहे. पगार सरकारचा, जगणे गावातले. त्याची माया आणि त्याचा माज दोन्ही या पेचातून आले. २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात पोलिसांना राजकीय दबावापासून वेगळे ठेवण्याचे निर्देश दिले. ती चर्चा मुख्यतः महासंचालकांच्या मुदतीभोवती फिरली. ठाणे अंमलदाराला निर्भयपणे नोंद करता यावी, आणि ती नोंद फिर्यादीला वाचून दाखवली जावी, हा प्रश्न खालचा, पण खेड्याच्या दृष्टीने पहिला.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे आणखी एक काम आहे. ठाण्याची दप्तरे ठरावीक मुदतीनंतर नष्ट केली जातात. तांड्याच्या हजेऱ्या, बांधाच्या तक्रारी, अकस्मात मृत्यूंच्या नोंदी, हे मराठवाड्याच्या सामान्य माणसाचे अभिलेखागार आहे आणि ते दरवर्षी रद्दीत जाते. १९६० आणि १९७० च्या दशकांत भरती झालेले जमादार आज वार्धक्यात आहेत. कोणत्या वर्षी सायकल मिळाली, उर्दू शिकलेल्या वरिष्ठाकडून काय उचलले, कोणता पंचनामा लिहिताना हात थांबला, हे सांगणारे तेच शेवटचे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे जबाब आता घ्यायला हवेत. आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब लिहिलेल्या या माणसांचा जबाब अजून कोणी लिहून घेतलेला नाही.